दोन अठ्ठ्या

परळला, बंद पडलेल्या बाइंडिंग कारखान्याच्या माळ्यावर
अजून सरसाचा वास येतो.
महिन्यातल्या एका शनिवारी तिथे पाच टेबलं लागतात,
वर हिरवी बनात, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग.

मी पाणीखात्यात, रात्रपाळीची इंजिनीअर.
कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा
ते हातालाच कळतं.
पत्त्यांचं तसं नाही.

कोपरा उचलते:
किलवर अठ्ठी, बदाम अठ्ठी.

एक्के आले तर काय करायचं, शाळकरी पोरही सांगेल.
दुर्री-सत्ती आली तर फेकायला लाज नाही.
अठ्ठ्यांची जोडी म्हणजे
स्थळ बरं आहे, विचार करून कळवतो.

समोर तीन पत्ते उघडले की
अठ्ठीहून मोठं काहीतरी
शंभरात सत्त्याऐंशी वेळा पडतंच.
तिसरी अठ्ठी साडेआठ वेळांतून एकदा.
हे गणित मी एका थकबाकीच्या नोटिशीमागे मांडलंय
आणि ती नोटीस अजून पाकिटात आहे,
देवाच्या फोटोच्या मागे.

पहिल्या तासात सगळ्यांकडे चिप्स भरपूर,
माणसं उदार.
केर्सीने वाढवलं, मी नुसतं बघायला आत गेले.
राजा. दश्शी. चौकी.
त्याने पुन्हा लावले.
मी अठ्ठ्या पालथ्या सरकवल्या.
त्याने हसत उघडून दाखवलं: सत्ती, छक्की.
राजा आमच्या दोघांच्या मधे पडला होता,
दोघांपैकी कुणाचाच नव्हता.
घाबरले फक्त मी.

रात्रीचा एक. उरलो दहा जण, टेबल एकच.
पैसे नऊ जणांना.
दहाव्याला फक्त जिना.
माझ्याकडे अकरा ब्लाइंडांपुरतं काहीतरी,
आणि हातात
इस्पिक अठ्ठी, चौकट अठ्ठी.
मघाशी न आलेल्या दोघी.

आता बघायला आत जाण्याइतकं
टाकीत पाणी नाही.
फेकायच्या, नाहीतर सगळं.

सगळं ढकललं. दोन्ही हातांनी, आवाज न करता,
झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं.

हेमलने फेकले. केर्सीने फेकले.
डायना डिमेलोने न बघताच.
शेवटी राहिला जयवंत साटम.
साटम गोदीत क्रेन चालवतो,
तीस टनांची पेटी हवेत धरून ठेवायची त्याला सवय.
चष्मा काढला. पुसला. घातला.
माझ्या मानेकडे बघत राहिला, जिथे नाडी उडते तिथे.
मी भिंतीवरच्या जुन्या पाटीवर डोळे लावले:
'कागदास ओला हात लावू नये.'
चारदा वाचली.
माझे हात ओले होते.

मग त्याने पत्ते उताणे टाकले.
नव्वीची जोडी.
"ही कधी खेळायची असते
ते मला वीस वर्षांत कळलं नाही, मॅडम."

कुणीतरी च्च केलं.
मी ब्लाइंड ओढून घेतले, अठ्ठ्या पालथ्याच ठेवल्या.
दाखवायला हव्या होत्या का?
त्याला झोप लागली नसती.
न दाखवून मला लागली नाही.

दहावा साटमच गेला, पुढच्या अर्ध्या तासात,
राणी-गुलामावर, एकदाही न थांबता.
खुर्ची नीट आत सरकवून म्हणाला,
"शिवडीला पाणी कितीला सोडता हो हल्ली?"
साडेचारला, म्हटलं.
"मग जागाच राहतो."

मी सातवी आले. भरलेले परत, वर टॅक्सीचे.

पहाटे चावीवाल्याला बाजूला करून
शिवडीचा व्हॉल्व्ह मी स्वतः फिरवला,
ठरल्यापेक्षा अर्धा आटा जास्त.
अर्ध्या आट्याने चौथ्या मजल्यावर
काही फरक पडत नाही.
साटम कितव्या मजल्यावर राहतो
ते विचारायचं राहिलं.